कय्यूम टेलरचं वॅप

“चौका आला,” कय्यूम टेलर मोबाइल उंच धरून म्हणाला. “असा सरळ हाणला का फिल्डर धावता धावता पडला अन् त्याची टोपी उडाली.”

दुकानासमोर हशा पिकला. घुग्घुसला दुपारी लोडशेडिंग, म्हणजे टीव्ही बंद. पहिली पाळी सुटली की खाणीतले लोक मोटारसायकली लावून कय्यूमच्या शिलाई मशीनभोवती जमायचे. त्याच्या मोबाइलवर वॅप होतं. म्हणजे इंटरनेटच, पण उपाशी. फोटो नाही, रंग नाही, इवल्याशा पडद्यावर चार ओळी अक्षरं, आणि तीही यायला एक बिडी संपेल एवढा वेळ. त्यात फक्त धावा आणि विकेटी कळत. बाकीची मॅच कय्यूम पदरची घालायचा. हे कधी उघडं पडलं तर हा घोळका दुसऱ्या दिवशी इकडे फिरकणार नाही, ही त्याला मनातून धास्ती होती. आणि घोळक्यावर तर त्याचा भारी जीव.

त्या दिवशी खुशाल नावाचा ट्रकवाला नवाकोरा फोन घेऊन आला होता. मोठा रंगीत पडदा, कॉम्प्युटरवर उघडतं तसं अख्खं पान, एकेका चेंडूची हकीकत.

“कय्यूमभाऊ, इथी तर वेगळंच लिवलं आहे,” खुशाल म्हणाला. “बॉल बॅटीची कड घेऊन मागं गेला. तिथी फिल्डर नव्हताच.”

सगळ्यांच्या माना कय्यूमकडे वळल्या. कय्यूमचे कान तापले. त्याने मोबाइल मशीनच्या खणात ठेवला आणि अर्धी शिवलेली पँट पुढे ओढली. झालं, संपलं आपलं वॅप, त्याला वाटलं. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात म्हाताऱ्या मुखरूभाऊंनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं. हुबेहूब खुशालसारखाच फोन.

“पोरीनं दिवाळीलेच घेऊन देल्ला,” ते म्हणाले.

“मंग रोज इथी काऊन येता?” खुशालने विचारलं.

“याच्यात टोपी उडत नाई, बापा.”

मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी हसत आपापले खिसे चाचपले. मुखरूभाऊंनी फोन परत खिशात टाकला आणि स्टूल मशीनजवळ सरकवलं.

“हं कय्यूम, सांग. टोपी कुठी जाऊन पडली?”