बावीस खेपा
राजगडाहून रायगडला निघालेल्या आमच्या ग्रुपपुढे तिसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर पहिल्यांदाच दोन वाटा फुटल्या. पाणी संपलेलं, माझा पाय मुरगळलेला. वाटाड्या म्हणून खुटबावच्या भैरूआबांना मीच हौसेनं आणलं होतं. मेंढरांसोबत हाच घाट उतरून ते बावीस वेळा कोकणात गेले होते. आता मात्र ते काठीनं माती उकरत उभे होते. “आबा, कुठली वाट?” मी चिडून विचारलं. “ठाव न्हाई.” “बावीस वेळा गेलात ना?” “गेलो की. पण म्होरं थोरला भाऊ असायचा, वाट त्याला ठाव. मी समद्यांच्या मागं, लंगडं कोकरू खांद्यावर घिऊन.” “मग तीन दिवस पुढं कशाला चाललात?” “तुमीच म्हणला, वाटाड्या म्होरं चालतो.” मी कपाळाला हात लावला. त्यांनी न विचारता माझी सॅक उचलून खांद्यावर टाकली. “व्हा म्होरं. मागं मी हाय.”