दोन रेघांमधलं अंतर

वडील जाऊन पंधरा दिवस झाले तरी वृंदाला इस्पितळाचा अहवाल पटत नव्हता. त्यात मृत्यूची वेळ दुपारी चार चाळीस लिहिली होती, कारण तोवर आप्पांच्या रक्तात सोडलेले औषधाचे कण हलत होते.

“हे कण स्वतःही पोहतात ना?” तिने तंत्रज्ञ लोंढ्यांना विचारलं. “मग रक्ताचा वेग वेगळा दाखवा.”

“ताई, कणांच्या आणि रक्ताच्या वेगांत फरक अगदी किरकोळ असतो हो.”

“असू दे. दाखवा.”

लोंढ्यांनी नाइलाजाने पडद्यावर कणांच्या रेघेखाली रक्ताची दुसरी रेघ आणली. रक्ताचा वेग चार बारालाच शून्यावर आला होता. त्यापुढची अठ्ठावीस मिनिटं थांबलेल्या रक्तात कण एकटेच पोहत होते.

वृंदाचा व्हिडिओ कॉल चार वीसचा होता. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर तिने त्यात माफी मागितली होती आणि आप्पांनी मान हलवलेली स्वतः पाहिली होती.

तिने त्या दिवशी आप्पांजवळ असलेल्या सिस्टर गावितांना बोलावून घेतलं.

“पडद्यावर कण हलताना दिसले, म्हणून तुम्हीही फसलात का?”

“नाही. माझा हात त्यांच्या मनगटावर होता. मला कळलं होतं.”

“मग त्यांनी मान हलवली ती कशी?”



“फोन मी उशीला टेकवून ठेवला होता,” सिस्टर म्हणाल्या. “दुसरा हात त्यांच्या मानेखाली होता.”