निघताना टोकू नये

कौशल्याबाई लेकीला घेऊन साखरखेर्ड्याहून रानातल्या त्या एवढ्याशा स्टेशनावर पोचल्या. पोरीला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती, उद्या हजर व्हायचं होतं. तिकिटाच्या खिडकीतून मास्तरांनी विचारलं, “कुठं जायचं?” झालं! निघणाऱ्याला ‘कुठं’ म्हणून टोकलं की काम फिसकटतंच. “काऊन टोकता जी? पोर पहिल्यांदाच घराबाहेर पडून राह्यली!” त्यांनी लेकीला बाकावर बसवलं. आता पाणी पिऊन नव्यानं निघायचं, तरच अपशकुन टळणार. तेवढ्यात लांबवर इंजिनाचा धूर दिसला. “माय, गाडी जाते वं!” लेक रडकुंडीला आली. आई ढिम्म. शेवटी मास्तरच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. मायलेकी पाणी प्यायल्या, तसं त्यांनी हळूच विचारलं, “बाई, पोरगी दिवाळीला घरी येईल, ती कुठून?” कौशल्याबाईंचा चेहरा खुलला. “अकोल्याहून!” मास्तर तिकीट द्यायला धावले आणि मागोमाग तांब्यासकट कौशल्याबाईही.