हिरवी रेघ

चिठ्ठी साठावी. या गावात छापील यादीतलं नको ते नाव खोडून मत देतात. मतं मोजणाऱ्या फुर्निएनं घडी उलगडली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"जिल्बेर्त मोराँ. खोडलेलं."

बारा वर्षं सरपंच असलेली जिल्बेर्त टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती.

चिठ्ठी एकसष्टावी. न खोडलेलं. तिची एकतीस झाली. हवी होती निम्म्याहून जास्त, म्हणजे बत्तीस.

चिठ्ठी बासष्टावी, शेवटची. फुर्निए वाचेना. नुसता हसला.

तिच्या नावावर जाड, मेणकट हिरवी रेघ. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायच्या खडूची. गावात प्रत्येक कळपाचा रंग वेगळा. हिरवा एकाच घरचा.

पहिल्या रांगेत तिचा धाकटा भाऊ आनसेल्म खिशात हात घालून बसला होता. गावाची जुनी वाट त्यानं नांगरून शेतात घेतली होती. मार्चमध्ये तिनं ती उभ्या जवातून पुन्हा मोकळी करून घेतली. तेव्हापासून अबोला.

"चिठ्ठी कुणाची ते कळेल अशी खूण असली, तर ती बाद," फुर्निए म्हणाला. "मग उरली एकसष्ट, आणि तुम्हाला एकतीस पुरतात. पण खूण कुणाची, ते कुणीतरी बोलायला हवं ना, सरपंचबाई? मला बुवा रंगांतलं काही कळत नाही."

मागे कुणीतरी खिदळलं.

"बोल की," आनसेल्म म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"माझ्या भावाची आहे," जिल्बेर्त म्हणाली. "बाद करा."

खुर्च्या करकरल्या. टाळी एकही नाही. फुर्निएनं वहीत लिहिलं, 'विजयी: जिल्बेर्त मोराँ', स्वतःचं पेन खिशात घातलं आणि वही तिच्यापुढे ढकलली.

"सही."

तिनं मत द्यायच्या आडोशातलं, दोरीला बांधलेलं पेन सोडवून आणलं. टेकवलं. कोरा ओरखडा. झटकलं. पुन्हा ओरखडा. साऱ्या सभागृहात एकही हात खिशाकडे गेला नाही.

आनसेल्म उठून टेबलाशी आला.

"माझी पाळी आली तेव्हाच संपलं होतं ते," तो म्हणाला. "हे घे, ताई. यानं उमटतं."

आणि हिरवा खडू त्यानं उघड्या वहीवर ठेवला. तिच्या नावावर, आडवा.