जाग्याची मांडी

"जाग्याची मांडी आमची," विनीतकाका म्हणाले आणि मटणाचे वाटे पडत होते तिथे येऊन उभे राहिले.

सगळ्यांनी माना वर केल्या. केळीच्या पानांवर रानडुकराचे वाटे मांडले होते. देवाचा वेगळा, बंदुकीचा बार काढणाऱ्या गुरुदासचा वेगळा, हाकारे देणाऱ्यांचे वेगळे, कुत्र्यांचासुद्धा वेगळा. कडेला मागची एक अख्खी मांडी होती. डुक्कर ज्याच्या जागेत पडतो त्याला ती द्यायची, ही गावची रीत. आणि हा डुक्कर काकांच्याच जागेत पडला होता. त्याचं घरच ते. राहायला काकांकडे आणि जेवायला संचिताच्या शेतात.

संचिता वाट्यांच्या पलीकडे उभी होती. शाळेचा युनिफॉर्म, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. सकाळी शाळेत जायच्या आधी ती बांधावर गेली आणि शाळा तिथेच राहिली. भात दुधात आलं होतं. रात्रीत भातशेताचा तो तुकडा, अर्धा कुणगा, डुकरांनी लोळून, तुडवून, मुळापासून उकरून टाकला होता. आईने जुन्या साड्या बांधून केलेलं कुंपण चिखलात पडलं होतं. उरलेला अर्धा कुणगा डुकरं आज खातील नाहीतर उद्या. एक मेला म्हणून काय झालं? काकांच्या रानात अख्खा कळप होता.

ते रान म्हणजे खरं तर शेत. काका मुंबईला गेले आणि त्यात घाणेरी माजली, करवंदीच्या जाळ्या माजल्या. मग डुकरं आली. दर मे महिन्यात संचिता त्यांना फोन करायची. "काका, जमीन नको. आमी नुसती झाडी तोडतलव."

काकांचं उत्तर ठरलेलं. "आज कोयता घेऊन याल, उद्या नांगर घालाल, परवा कूळ म्हणून नाव लावाल. माझ्या जागेत कोणी पाय ठेवायचा नाही."

आता काका गणपतीला गावी आले होते आणि गणपती पाण्यात गेले होते. श्रावणापासून वाळलेल्या तोंडाला पाणी सुटलं होतं. काकांना गावची रीत बरोब्बर आठवली होती.

"वर्सानवर्सा जाग्यात पाय नाय," गुरुदास सुरी न थांबवता म्हणाला. "मांडी तेवढी वासान गावली."

दोघं-तिघं हसले. काकांचे कान लाल झाले. "हक्काचं मागतोय. भीक नाही मागत. सत्यवानआबा, तुम्ही सांगा. रीत आहे की नाही?"

सत्यवानआबा गावचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं तेच घालायचे. त्यांनी मान हलवली. "रीत आसा."

तीच मांडी उचलून काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर हाणावी असं संचिताला वाटत होतं. तिने मांडी उचललीही. जड होती. तिने ती केळीच्या नव्या पानात ठेवली आणि काकांसमोर धरली.

"घेवा, काका."

जानकी, तिची आई, पुढे आली आणि तिचा दंड करकचून धरला. "डोक्यात शेण आसा काय गो तुझ्या? आमचा भात खावन तो डुकर पोसलो. तेची मांडी तू आपल्या हातान ह्येंका देतस?"

"सोड, आये."

"शरम नाय तुका."

संचिताने आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडली असती, आणि आज तिला रडायचं नव्हतं. ती काकांनाच म्हणाली, "डुकर तुमच्याच जाग्यात वाढललो. होय ना?"

"माझ्याच," काका म्हणाले.

"आणि गावासमोर घेतास ना मांडी?"

"गावासमोर घेतो. चोरी आहे का?" काकांनी दोन्ही हात पुढे केले आणि मांडी घेतली. शर्टाला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरली.

संचिता वळली. "आबा, आता उरलली रीत सांगा."

आबा घसा साफ करून, गाऱ्हाणं घालतात त्याच आवाजात बोलायला लागले. "जो गावासमोर जाग्याची मांडी घेता, तो कबूल करता, डुकर माझ्या जाग्यात वाढलो. मगे त्या जाग्यातला रान मोडूक गाव जाता. मालकान आडवूचा नसता."

गुरुदासची सुरी थांबली.

"ही कुठली रीत?" काका म्हणाले. "मी कधी ऐकली नाही."

"जी तुमका आठवली, तीच," आबा म्हणाले. "तुमका अर्धीच आठवली."

काकांनी मांडी परत पुढे केली. आधी गुरुदाससमोर, मग हाकाऱ्यांसमोर, मग आबांसमोर. एकानेही हात पुढे केला नाही. पानातून रक्ताचा ओघळ त्यांच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत शिरला.

"जमीन तुमचीच रवतली, काका," संचिता म्हणाली. "नांगर नाय, कूळ नाय. रान तेवढा उद्या सकाळी आमी मोडतलव."

जानकीने लेकीचा दंड सोडला. तिथे बोटांचे वळ उमटले होते. त्यावरून तिने एकदा हात फिरवला आणि काकांच्या हातातल्या मांडीकडे बघितलं.

"घराकडे जा गो," ती संचिताला म्हणाली. "भावोजींका मसालो आणून दी."