पूजाकडून दिशा

"पूजाचे बाबा, आज स्कोअर तुम्ही लिहा. लिहिणारी मुलगी आलीच नाही," बास्केटबॉल शिकवणाऱ्या स्नेहा मॅडमने वही लहानूच्या हातात कोंबली. "बॉल कोणी टाकला, गेला की नाही. बस."

लहानू सावरून बसला. रोज गल्लीतल्या सगळ्यांचे टोमॅटो वहीत लिहून, टेम्पोत भरून सायखेड्याहून नाशिकच्या मार्केटला नेणारा माणूस. त्याला लिहायचं काय कौतुक? त्यात त्याचेही कॅरेट असायचे. टोमॅटो लावायची, तोडायची, निवडायची ती बायको, मैना. कॅरेटवर नाव मात्र लाल रंगात ठसठशीत, 'लहानू'.

पण आज नावं ठरणार होती. राज्याच्या स्पर्धेला बारा पोरी जाणार, अकरा ठरलेल्या. पूजाने तीन मॅचमध्ये मिळून दोन बास्केट टाकलेल्या.

"बॉल चटका देतो का गं तुला? आला हातात की दिला दुसरीला!" तो तिला नेहमी चिडवायचा. ती खदखदून हसायची. काल जेवताना मात्र हसली नाही. म्हणाली, "उद्या नाव नाय आलं ना पप्पा, तर बूट देऊन टाकीन कुणाला तरी."

मॅच सुरू झाली. लहानू लिहीत होता, ओरडत होता. समोरची पोरगी नेम धरायला लागली की घर हादरेल असा शिंकत होता. रेफरीने दोनदा डोळे वटारले.

दिशाच्या बास्केटवर मॅच जिंकली. पूजाची बास्केट एकही नाही.

मॅडमने वही उघडली. "हे काय? 'पूजाकडून दिशा, पूजाकडून दिशा...' मी एकच नाव सांगितलं होतं ना?"

लहानूने जीभ चावली. "चुकलं, मॅडम. मार्केटची सवय हाय. कॅरेट कोणाकडून आलं अन् घेतलं कोणी, दोन्ही लिहितो आपण."

"आणि हे 'परत'?"

"नाय गेला तो बॉल. माल परत."

मॅडम हसल्या नाहीत. बोट ठेवून मोजायला लागल्या. दिशाच्या बास्केट अकरा. त्यातल्या नऊ पूजाकडून. मध्ये पूजाला बाहेर बसवलं होतं, तेव्हा दिशाने सात बॉल टाकले. सहा परत.

दिशा घाम पुसत वहीत डोकावली. "मॅडम, मी कधीची सांगतेय. ती पास देते तेव्हा मला नुसती उडी मारायची असते."

मॅडमने पेन काढलं आणि बारावं नाव लिहिलं. पूजा.

लहानूला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. पण तो नुसता शिंकला, उगाचच.

दुसऱ्या दिवशी मार्केटला धोंडीराम व्यापारी त्याच्या कॅरेटपुढे थबकला. 'लहानू'वर काट मारलेली, खाली ओला लाल रंग.

"काय रे लहान्या, ही मैना कोण? नवी शेतकरीण?"

"नवी कुठली, शेठ? वीस वर्षं झाली, पास तिचेच हायेत. मी नुसती उडी मारतो."