लांब शेपटीचं चिलट

नादिदे हानम, खालच्या गावातली नादिदेबाई, चढण चढून येताना दिसली, तसं नियाझीने हातातलं फोडलेलं अंजीर पायाखाली चिरडलं.

तुर्कस्तानातल्या आयदिनच्या त्या टेकडीवर त्याचं नर अंजिराचं झाड होतं. फळ खायच्या लायकीचं नाही; पण त्यात वाढलेली चिलटं अंगाला पराग माखून उडतात, तेव्हा कुठे खालच्या मादीझाडांना फळ धरतं. म्हणून ही अंजिरं माळेत ओवून मादीझाडांवर टांगायची. झाड आणि चिलट, दोघांचा चोख व्यवहार. गेल्या वर्षापासून त्यात तिसरा घुसला होता. लांब शेपटीचं एक परकं चिलट बाहेरूनच फळाला भोसकून अंडी घालायचं. त्याची पिल्लं आतल्यांच्या तोंडचं खाऊन माजायची आणि परागाचा कणही न नेता उडून जायची. शेतकी खात्याच्या माणसाने बजावलं होतं, झाड तोडा आणि जाळा.

नियाझीने मान डोलावली आणि कुऱ्हाड खाटेखाली सरकवली. गाव आता माळा बाजारातून आणतं. बायको गेल्यापासून ही चढण चढणारं माणूस एकच, नादिदे, तेही वर्षातून एकदा, माळ न्यायला. झाड गेलं तर ती कशाला येईल?

नादिदेने चहा घेतला, गुडघ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. त्याने लव्हाळ्यात ओवलेल्या अंजिरांची माळ पुढे केली. यंदा फळ कसं आहे, तिने विचारलं.

"झकास," नियाझी म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"गेल्या वर्षीही झकासच होतं. फांद्या वाकल्या होत्या माझ्या."

गेल्या वर्षीची निम्मी माळ किडकी होती. बाई आपलं मन राखतेय, असं त्याला वाटलं. ती उतरून गेल्यावर त्याने आपला चहा ओतून दिला. एकटी विधवा, परसातल्या झाडांवर जगणारी. आणि आपण घटकाभर सोबतीसाठी तिच्या पिकावर बसलेलो. त्या चिलटात आणि आपल्यात फरक काय तो शेपटीचा.

काही दिवस तळमळून, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो टेकडी उतरला. कॉफीच्या दुकानातल्यांनी, गावात कोण मेलं म्हणून नियाझी खाली आला, अशी चौकशी केली. तो थांबला नाही.

नादिदेच्या दारात उभं राहून, स्वतःच्या बुटांकडे बघत, त्याने सगळं ओकून टाकलं.

"तुमची अंजिरं गळणार, हानम. मला ठाऊक होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा आला नसता."

तिने त्याची बाही धरली.

"चला घरामागे. किती गळाली ती बघा आपल्या डोळ्यांनी."

खाली मान घालूनच तो घराला वळसा घालून गेला. मग त्याने वर पाहिलं.

परसदारापासून थेट ओढ्यापर्यंत कापूस डुलत होता. अंजिराचं झाड एकही नव्हतं. खोडंसुद्धा केव्हाच कुजून मातीला मिळाली होती.